जॅझ पियानो ट्रिओचा लाइव्ह अल्बम: क्लबमधल्या मांडणीपासून मास्टरपर्यंत

पियानो, डबल बेस आणि ड्रम. वाद्यं तीनच, त्यामुळे काम सोपं असेल असं वाटतं, पण या तिघांत लपायला कुठेच जागा नसते. मोठ्या बँडमध्ये एखादा माइक चुकीच्या ठिकाणी उभा राहिला तरी गर्दीत खपून जातो. ट्रिओत मात्र बेसच्या माइकमध्ये शिरलेलं राइड सिंबल (ताल धरणारी ड्रमची मोठी झांज) पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत ऐकू येतं आणि मिक्सिंगला बसल्यावर ते कोणत्याही प्लगइनने निघत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणारच आहे (यालाच गळती म्हणतात), तर तो कानाला बरा वाटेल असा जावा. त्याचा निकाल मंचावर, पहिली केबल जोडण्याआधीच लागतो.

व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यू यॉर्कच्या तळघरातल्या क्लबात बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लफॅरो (बेस) आणि पॉल मोशन (ड्रम) यांचं २५ जून १९६१ चं ध्वनिमुद्रण आजही या प्रकाराचा मापदंड मानलं जातं. त्यात ग्लासांची किणकिण आहे, टेबलांवरची कुजबुज आहे, तीनही वाद्यं एकमेकांत मिसळलेली आहेत. तरी बेसचा प्रत्येक सूर कळतो. हेच लक्षात ठेवून कामाला लागायचं.

जागा पाहायला जाताना

जागा दोनदा पाहा. एकदा रिकामी असताना आणि एकदा तिथे दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम चालू असताना. रिकाम्या खोलीत मंचाच्या मध्यावर उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर धातूसारखा झरझरता पडसाद आला तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती त्याला जबाबदार असतात. मंचामागच्या भिंतीवर जाड पडदा टाकला की बहुतेक वेळा तेवढं पुरतं. भरलेल्या खोलीत माणसं आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज बराच शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत किंचित कर्कश वाटणारी जागा कार्यक्रमाच्या वेळी छान लागते. उलट रिकामी असतानाच कोरडी वाटणारी खोली भरल्यावर अगदी मेल्यासारखी होते. तशा ठिकाणी नंतर कृत्रिम रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) लावावा लागणार, हे गृहीत धरूनच पुढे जा.

मग पाच मिनिटं गप्प बसून आवाज ऐका. फ्रीजचा कॉम्प्रेसर, बर्फाचं यंत्र, ब्लेंडर, कॉफी दळायचं यंत्र, एसीचा झोत, दिव्यांच्या डिमरची गुणगुण. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश घेऊन चाललेल्या संथ चालीत किंवा बेसच्या सोलोत यातलं प्रत्येक काही ऐकू येतं. डिमरची गुणगुण सगळ्यात चिवट, कारण ती थेट केबलमधून शिरते. दिवे आणि रेकॉर्डिंगचं सामान वेगवेगळ्या वीजसर्किटवर घ्या, शक्य असेल तर डिमर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. बर्फाचं यंत्र सेट (मध्यंतराशिवायचं एक सलग वादन) चालू असताना बंद राहील आणि ब्लेंडर फक्त दोन सेटच्या मधल्या वेळेत चालेल, हे मालकाशी आधीच बोलून घ्या. ऐन वेळी सांगितलं तर बारवाला ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

किती सेट मुद्रित करायचे

एका रात्रीत एक सेट आणि त्यातून अल्बम, हा जुगार आहे. किमान दोन रात्री, दर रात्री दोन सेट, म्हणजे चार सेट धरा. बारा-चौदा चिजांचा (रचनांचा) साठा ठेवा आणि प्रत्येक चीज निदान दोनदा वाजेल असा क्रम लावा. व्हॅनगार्डला १९६१ च्या त्या एकाच रविवारी पाच सेट झाले होते, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन, आणि त्यातून दोन अल्बम निघाले. कीथ जॅरेट (पियानो), गॅरी पीकॉक (बेस) आणि जॅक डीजॉनेट (ड्रम) यांनी जून १९९४ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्लू नोट क्लबमध्ये तीन रात्री वाजवलेले सहाही सेट तसेच्या तसे प्रसिद्ध केले. ते प्रत्येकाला झेपणारं नाही. दुसरं टोक पियानोवादक अहमद जमालचं: जानेवारी १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये झालेल्या मुद्रणातून त्याने फक्त आठ चिजा निवडल्या, आणि तो अल्बम प्रचंड खपला.

पहिल्या रात्रीचा पहिला सेट क्वचितच उपयोगी पडतो. वादक माइककडे बघून वाजवत असतात. तो सेट तालीम समजून मुद्रित करा, पण करा जरूर. एखादी मोकळी सुटलेली चीज नेमकी त्यातच सापडते.

मंचावरची मांडणी

प्रेक्षकांच्या बाजूने पाहिलं तर पियानोच्या पट्ट्या डावीकडे, वादकाची उजवी बाजू प्रेक्षकांकडे आणि झाकण प्रेक्षकांच्या दिशेने उघडलेलं. ही रीत जुनी आहे आणि तिला ध्वनीचं कारण आहे: झाकणाची बिजागरी मंचाच्या मागच्या बाजूला येते, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या वाद्याला झाकणाची थोडी आड मिळते. बेसवाला पियानोच्या शेपटीजवळ (पट्ट्यांच्या विरुद्ध, निमुळत्या टोकाजवळ), किंचित मागे. ड्रम उजवीकडे, पण सरळ प्रेक्षकांकडे तोंड करून नव्हे. तो ३० ते ४५ अंश पियानोकडे वळवा. एवढ्या वळणाने ड्रमवाला आणि पियानोवाला एकमेकांना पाहू शकतात आणि राइड सिंबल मागच्या बाजूला, बेसवाल्याकडे जातं. बेसवाल्याला तेच हवं असतं, कारण त्याची लय राइडला बांधलेली असते.

अंतराचा हिशोब असा. आवाजाला एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. पियानोच्या शेपटीपासून ड्रमच्या मध्यापर्यंत दीड ते दोन मीटर ठेवा. चार मीटरवर १२ मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो आणि जलद चालीत तिघंही एकमेकांची वाट पाहत वाजवू लागतात. गळती कमी करायची म्हणून वादकांना लांब नेणं, हा या कामातला सगळ्यात सामान्य घोटाळा. माइक स्वच्छ होतात आणि वाजवणं सैल पडतं.

ड्रमभोवती पारदर्शक अ‍ॅक्रेलिकची भिंत लावू नका. सिंबलचा आवाज त्यावर आपटून ड्रमच्या स्वतःच्याच माइकमध्ये परततो आणि ड्रमवाल्याला बाकीच्या दोघांचं नीट ऐकू येत नाही.

मंचावरचे मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर) जमले तर पूर्ण बंद. बेसचा छोटा अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून ड्रमवाल्याकडे वळवला तर सहसा भागतं. मॉनिटरमधून पियानो सोडला की तो पुन्हा पियानोच्याच माइकमध्ये येतो आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या भागात गढूळपणा साचतो. प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरमधून ड्रम अजिबात नको, पियानो गरजेपुरता आणि घोषणेचा माइक.

पियानोचे माइक

इथे वेळ घालवा, कारण अल्बमचा रंग यावरच ठरतो. सुरुवात अशी करा: छोट्या डायफ्रॅमचे दोन कंडेन्सर माइक, हातोड्यांपासून शेपटीच्या दिशेने १५ ते २० सेंटिमीटर मागे, तारांच्या वर २० ते ३० सेंटिमीटर, तोंड हातोड्यांकडे. एक वरच्या सप्तकांच्या तारांवर, दुसरा खालच्या तारा जिथे एकमेकींवरून जातात त्या भागावर. अशा मांडणीत माइकची पाठ शेपटीकडे, म्हणजेच ड्रमकडे येते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक पाठीकडून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून ड्रमची गळती इथेच निम्म्याहून जास्त आवरते.

दोन माइकमधलं अंतर माइक ते तारा या अंतराच्या निदान तिप्पट हवं. माइक २० सेंटिमीटरवर असतील तर एकमेकांपासून ६० सेंटिमीटर. यापेक्षा जवळ आणले की मधल्या सप्तकाचे सूर दोन्ही माइकना जवळजवळ सारख्याच जोराने, पण किंचित वेगळ्या वेळी पोचतात. मोनोमध्ये (दोन्ही माइक एकत्र करून) ऐकल्यावर ते सूर पोकळ, आत ओढल्यासारखे लागतात. म्हणून पियानोची फेज (दोन माइकमधल्या लहरी एकमेकींशी जुळतात का ते) तपासताना मिक्सरवर मोनोचं बटण दाबून वादकाला मधल्या ‘सा’पासून वर एकेक पट्टी सारख्या जोराने वाजवायला सांगा. एखादा सूर बुडाला तर एक माइक पाच सेंटिमीटर सरकवून पुन्हा ऐका.

झाकण किती उघडायचं? झाकणाला टेकू देणाऱ्या लांब दांडीवर पियानो मोकळा बोलतो, ड्रम जास्त शिरतो. छोट्या दांडीवर गळती कमी होते, पण झाकण आणि साउंडबोर्ड यांच्यामध्ये आवाज कोंडून पेटीसारखा घुमतो. बहुतेक क्लबांत लांब दांडी आणि वर सांगितलेले माइक हाच बरा तोडगा. ड्रमवाला खूप जोरकस असेल तरच छोटी दांडी घ्या, आणि मग माइक थोडे खाली, तारांच्या १५ सेंटिमीटरवर आणा. झाकणावर चादरी आणि गाद्या टाकायचा प्रकार लाइव्ह अल्बमसाठी टाळा. गळती पूर्ण जात नाही, पियानो मात्र मरतो.

ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी सारखं ऐकणाऱ्या माइकचा मुद्दा इथे सांगायला हवा. कार्डिऑइडमध्ये बाजूने येणारा आवाज कमी येतो खरा, पण त्याचा रंग बिघडून येतो. सिंबल कागदी वाटतं. ओम्नीत गळती जास्त असते, तरी ती नैसर्गिक ऐकू येते. खोली चांगली आणि ड्रमवाला संयमी असेल, तर पियानोवर ओम्नीची जोडी लावून बघाच. ज्यांनी एकदा ऐकलं ते सहसा परत जात नाहीत.

डबल बेस

बेससाठी दोन ट्रॅक घ्या, एक माइक आणि एक पिकअप (वाद्यावरच बसवलेला, कंपनं टिपणारा). माइक घोडी आणि बोटपट्टीचं टोक यांच्या मधोमध, १५ ते २५ सेंटिमीटरवर. एफ आकाराच्या छिद्रासमोर सरळ धरला तर एखाददुसरा सूर फुगून बाकीचे मागे पडतात. घोडीच्या फार जवळ नेला तर बोटांचा खरखराट येतो आणि खालचा भरीवपणा जातो.

इथे फिगर-एट माइक फार कामाचा आहे. तो समोरून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंनी जवळजवळ काहीच नाही. वर दिलेल्या मांडणीत बेससमोर असा माइक उभा केला की एका बाजूला पियानो आणि दुसऱ्या बाजूला ड्रम येतो, दोन्ही त्याच्या बहिऱ्या कडांवर. स्टँड जमिनीवर ठेवून माइक इंच-इंच फिरवा आणि हेडफोनमध्ये राइड सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. माइकची पाठ प्रेक्षकांकडे असते, म्हणून स्पीकरचा आवाज कमी ठेवणं या मांडणीत आणखी महत्त्वाचं.

पिकअप पिझो प्रकारचा असेल तर डीआय बॉक्सचा (पिकअपचा सिग्नल रेकॉर्डरला जुळवून देणाऱ्या डबीचा) इनपुट रोध निदान १ मेगाओहम, शक्यतो त्याहून जास्त असू द्या. कमी रोधाच्या बॉक्समध्ये खालचे सूर पातळ होतात आणि वर प्लास्टिकसारखा टणत्कार राहतो. पिकअपचा सिग्नल माइकच्या आधी पोचतो. माइक २० सेंटिमीटरवर असेल तर फरक साधारण ०.६ मिलिसेकंदाचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर २८ सॅम्पल. मिक्सच्या वेळी पिकअपचा ट्रॅक तेवढा मागे सरकवा, पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी-सुलटी करून पाहा आणि ज्यात खालचा भाग भरीव लागतो ते ठेवा. पिकअपचा उपयोग आधारापुरता. जलद चालीत सूर स्पष्ट व्हावेत एवढाच तो मिसळायचा, आणि सोलोत जवळजवळ शून्यावर आणायचा.

ड्रम

चार माइक पुरेत: वर दोन, स्नेअरला (वादकासमोरच्या खणखणीत ड्रमला) एक, किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) एक. खरं चित्र वरच्या जोडीतूनच येतं, बाकी दोघं फक्त आधार. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, दोरीने मोजून. सुरुवातीला एक मीटर घ्या. अंतरात फरक राहिला तर स्नेअर एका बाजूला कलतो आणि ब्रशची गोलाई तुटक ऐकू येते.

जॅझची किक बहुधा १८ इंची, दोन्ही बाजूंना कातडं, भोक नसलेली, वर ताणलेली. रॉकच्या सवयीने तिच्यात उशी कोंबू नका, ती ड्रमवाल्याची नाही आणि त्याच्या तालाचीही नाही. माइक पुढच्या कातड्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, मध्यापासून थोडा बाजूला.

स्नेअरचा माइक ब्रशसाठी. तो काठीच्या हिशोबाने लावला तर ब्रशच्या चिजांत तिथे नुसतं सिंबल भरतं. कडेपासून पाच-सहा सेंटिमीटर वर, हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) पाठ करून लावा. गेन (माइकची आत येणारी पातळी) काठीच्या रिमशॉटवर (कातडं आणि कड एकदम लागणाऱ्या ठोक्यावर) बसवा, ब्रशवर नव्हे. २४ बिटमध्ये ब्रशचा हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला रिमशॉट मात्र दुरुस्त होत नाही.

खोलीचे माइक

दोन माइक, मंचापासून चार-पाच मीटरवर, अडीच ते तीन मीटर उंच, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून. खाली कुठलं टेबल येतंय ते पाहून घ्या. बडबड्या टेबलावरचा माइक अख्खा सेट खराब करतो. बारच्या बाजूला तर अजिबात नको. पाच मीटरचा उशीर १५ मिलिसेकंदांच्या जवळ जातो. तेवढा खोलीसारखाच ऐकू येतो, तसाच राहू द्या. दहा मीटरवर तो ३० मिलिसेकंदांजवळ जातो आणि स्नेअरची दुसरी टाळी वेगळी ऐकू येऊ लागते, तेव्हा ट्रॅक सरकवून जुळवावा लागतो.

रेकॉर्डर, ट्रॅक आणि साठा

ट्रॅकचा हिशोब: पियानो २, बेस २, ड्रम ४, खोली २, घोषणा १. हे ११ झाले. बारावा पियानोच्या बाहेर, झाकणाच्या काठापासून अर्ध्या मीटरवर एका मोनो माइकला द्या. आतले माइक जास्तच जवळचे वाटले तर हाच ट्रॅक मिक्स वाचवतो.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक तासाला सुमारे ५२० मेगाबाइट घेतो, १२ ट्रॅक म्हणजे ६.२ गिगाबाइट. ९६ किलोहर्ट्झला ते दुप्पट. सगळे ट्रॅक एकाच वेव्ह फाइलमध्ये जात असतील तर ४ गिगाबाइटची मर्यादा ४८ किलोहर्ट्झवर चाळीसेक मिनिटांतच गाठली जाते, म्हणजे ऐन सेटच्या मध्यावर. रेकॉर्डर आपोआप नवी फाइल सुरू करतो का आणि दोन फाइलींच्या सांध्यावर एकही सॅम्पल गळत नाही ना, हे आधी घरी तपासा. नाहीतर आरएफ६४ (मोठ्या फाइलींसाठीचं वेव्ह) स्वरूप किंवा ट्रॅकगणिक वेगळी फाइल निवडा.

दुसरा रेकॉर्डर समांतर चालू ठेवा, वेगळ्या कार्डवर आणि शक्यतो बॅटरीवर. १९६१ च्या त्या व्हॅनगार्डच्या मुद्रणातही पहिल्याच चिजेच्या पहिल्या टेकमध्ये (पहिल्यांदा वाजवताना) वीज गेली होती. यूपीएस रेकॉर्डर आणि प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) दोघांनाही लावा. फक्त रेकॉर्डरला लावला तर शांतता सुरक्षितपणे मुद्रित होते.

क्लबचा मिक्सर आणि आपलं रेकॉर्डिंग वेगळं असेल तर माइक ट्रान्सफॉर्मरच्या स्प्लिटरमधून वाटून घ्या. फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधून मिळणारी वीज) कोणत्या बाजूने जाणार ते लिहून स्प्लिटरवर चिकटवा. सेट चालू असताना दुसऱ्या बाजूने कुणी ४८ व्होल्ट चालू-बंद केला की धप्प असा आवाज सगळीकडे उमटतो.

पातळी: साउंडचेकच्या सगळ्यात जोराच्या जागी शिखर −१२ डीबीएफएसच्या आसपास (शून्य म्हणजे डिजिटल कमाल पातळी). प्रेक्षक आले की तिघंही सहज पाच-सहा डेसिबल वर जातात, आणि टाळ्या तर खोलीच्या माइकवर त्याहूनही वर.

त्या दिवसाचं वेळापत्रक

कार्यक्रम रात्री आठचा धरला तर दुपारी एकला पियानो आपल्या जागी हवा, आणि त्यानंतर तो शक्यतो हलवायचा नाही. दिवे आणि एसी तेव्हाच चालू करा, कारण तापमान व आर्द्रता बदलली की सूर सरकतात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत स्थिर राहिली तर सूर टिकतात. एक ते तीन माइक आणि केबल. तीन ते पाच पियानो सुरात लावणं, आणि त्या वेळी खोलीत दुसरं कुणीही नको. ट्यूनरला पेडलची चरचर आणि बाकाची करकर पाहायलाही सांगा. पेडलचा आवाज माइकपासून ३० सेंटिमीटरवर असताना बारीक वाटत नाही. पाच ते साडेसहा साउंडचेक. साडेसहाला ट्यूनर पुन्हा येऊन वरचे सूर तपासतो. सातला दारं उघडतात. दोन सेटच्या मध्येही त्याला थांबवून ठेवता आलं तर उत्तम. वरच्या सप्तकातल्या एखाद्या सुराच्या तीन तारांपैकी एक उतरली तरी संथ चीज वाया जाते.

साउंडचेकमध्ये फक्त तीन गोष्टी वाजवून घ्या: सगळ्यात जोराची चीज, ब्रशवरची संथ चीज, आणि बेसचा एकट्याचा सोलो. दहा मिनिटं मुद्रित करून तिघांना बोलावून ऐकवा. मग एक चाचणी आवर्जून करा. पियानोचे माइक बंद करा आणि पियानो फक्त ड्रमच्या वरच्या माइकमधून ऐका. लांब, पण स्वच्छ वाटला तर मांडणी जमली. डबक्यातून येतोय असं वाटलं तर ड्रम किंवा पियानो अर्धा मीटर हलवा आणि पुन्हा ऐका. पियानो हलला की ट्यूनरकडून पुन्हा तपासून घ्या. हीच परीक्षा उलटीही घ्या: ड्रमचे माइक बंद, ड्रम फक्त पियानोच्या माइकमधून.

सेट चालू असताना

फेडरला (मिक्सरवर आवाज कमी-जास्त करणाऱ्या दांडीला) हात लावायचा नाही, गेन तर मुळीच नाही. तुमचं काम कागदावर. दर चिजेला सुरू झाल्याची घड्याळाची वेळ, सुरुवातीचा टेम्पो, शेवटचा टेम्पो, कुठे ग्लास पडला, कुठे सोलो जमला, कुठे सगळे एकदम हसले. टेम्पो अंगठ्याने टॅप करून मोजा. प्रत्येक सेटच्या आधी आणि नंतर एक मिनिट खोलीची नुसती शांतता मुद्रित करा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. एडिटमध्ये भोकं बुजवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

टेक निवडणं आणि एडिट

पहिलं ऐकणं कच्च्या मिक्सवर, दोन-तीन दिवसांनी, वादक सोबत नसताना. दुसरं ऐकणं त्यांच्यासोबत. कोणत्या टेकवर कुणाला नकाराचा हक्क आहे हे आधी लेखी ठरलेलं असू द्या. पियानोवाल्याला स्वतःचा सगळ्यात चांगला सोलो हवा असतो, बेसवाल्याला ज्यात त्याचे सूर नेमके लागले ते. निवड तिघांच्या एकत्र वाजण्यावर करा.

सांधे शक्यतो सोलोंच्या मध्ये किंवा फेऱ्यांच्या सीमेवर. गळतीमुळे एका वाद्याचा तुकडा बदलता येत नाही. कापायचं तर बाराही ट्रॅक एकत्र गटात बांधून. दोन टेकच्या टेम्पोत एक-दोन बीपीएमपेक्षा (मिनिटाला ठोके) जास्त फरक असेल तर सांधा उघडा पडतो, आणि संथ चालीत तेवढाही खटकतो. ड्रमच्या ठोक्याच्या आरंभावर कापा, क्रॉसफेड (एक तुकडा मावळत दुसरा उगवणं) ५ ते २० मिलिसेकंद. पियानोचं पेडल दाबलेलं असताना किंवा राइड घुमत असताना कापलं तर आधीच्या टेकचा घुमारा मध्येच नाहीसा होतो. कान ते लगेच पकडतो, कारण कळलं नाही तरी. दोन वेगळ्या रात्रींचे टेक जोडताना खोलीची शांतताही बदलते, तेव्हा खोलीचे ट्रॅक वेगळे, लांब क्रॉसफेडने जोडा.

टाळ्या पाच ते आठ सेकंद पुरे. सगळीकडे एकाच लांबीच्या ठेवल्या की ते नकली वाटतं. चिजेचा शेवट घुमत असताना टाळ्या सुरू झाल्या तर त्या काढायचा प्रयत्न करू नका, घुमाराही जातो.

मिक्स

ड्रमची वरची जोडी आणि पियानोची जोडी, एवढ्या चार ट्रॅकवर सुरुवात करा. त्यात बेस माइकने भरा, मग खोली हळूच. स्नेअर आणि किक शेवटी, आणि बंद केल्यावर उणीव जाणवेल तेवढेच. डावं-उजवं प्रेक्षकांच्या बाजूनेच ठेवा: पियानो मध्यापासून डावीकडे, ड्रम उजवीकडे, बेस मध्यभागी. पियानो वादकाच्या कानांनी (खालचे सूर पूर्ण डावीकडे, वरचे पूर्ण उजवीकडे) पसरवला तर तो ड्रमच्या माइकमधल्या त्याच्याच आवाजाशी भांडतो.

खोलीच्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, बेसचा गढूळपणा तिथेच असतो. बेसच्या माइकवर ३५-४० हर्ट्झच्या खाली फक्त मंचाच्या पायांची धडधड असते. कॉम्प्रेशन (मोठा आवाज आपोआप दाबणं) फार तर २:१, एक-दोन डेसिबलचं. जास्त दाबलं की दर सोलोनंतर खोली वर उसळते. पियानोवर गेट (हळू आवाज आला की ट्रॅक बंद करणारं साधन) लावू नका. तो बंद झाला की त्याच्यातला ड्रमही जातो, आणि ड्रमचा रंग दर दोन मात्रांना बदलतो.

कोरड्या खोलीला रिव्हर्ब लावायचा तर तो सगळ्या मिक्सला एकच, दीड सेकंदाच्या आतला, २० मिलिसेकंद उशिराने. एकट्या पियानोला लावला तर बाकी दोघं वेगळ्या खोलीत वाजवताहेत असं वाटतं.

मास्टर आणि कागदपत्रं

स्ट्रीमिंग सेवा साधारण −१४ लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आवाज आपोआप जुळवतात, त्यामुळे दाबून मोठं करण्यात काहीच हाती लागत नाही. ट्रिओसाठी −१८ ते −१६ लुफ्स ठीक, खरं शिखर −१ डीबीच्या खाली. एलपी काढायची असेल तर एका बाजूला १८ ते २२ मिनिटं, आणि सगळ्यात जोराची चीज बाजूच्या सुरुवातीला. आतल्या खाचांत तबकडीचा सुईखालचा वेग कमी होतो आणि सिंबल खरखरतं, म्हणून तिथे संथ चीज ठेवा.

दुसऱ्याच्या रचना वाजवल्या असतील तर प्रत्येकीच्या प्रकाशकाचा परवाना प्रसिद्धीआधी घ्या. संगीतकारांच्या नावांतली शुद्धलेखनाची चूक रॉयल्टी अडवते. ट्रॅकगणिक आयएसआरसी कोड (त्या मुद्रणाची ओळख पटवणारा) हवा, बारा अक्षर-अंकांचा. दारावर ‘आज ध्वनिमुद्रण चालू आहे’ अशी पाटी लावा, कारण टाळ्यांत आणि कुजबुजीत लोकांचे आवाज येणार आहेत. कच्च्या फाइली आणि टेकची वही यांच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर, आणि अल्बम बाहेर पडल्यावरही कार्ड पुसू नका: न घेतलेले टेक पुढे कधी मागितले जातील सांगता येत नाही.